नाव, आणि आईचं नाव

आमच्या इमारतीच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीला चिकटून एक पपईचं झाड आहे. ते कोणी लावलेलं नाही, आपलं आपणच उगवलं. वर्षातले दहा महिने त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. गणपती गेले, आठ-दहा दिवस उलटले, की मात्र त्याची पानं कमी व्हायला लागतात. आधी हाताला येणारी जातात, मग कोणीतरी स्टूल आणतं, मग काठीला विळा बांधून शेंड्याची काढतात. परवा सकाळी दूध आणायला खाली उतरले तर झाडाचा नुसता दांडा उभा होता आणि वर चार हिरवी फळं लोंबत होती. म्हणजे डेंग्यूचा ताप आला. महापालिकेची धुराची गाडी नंतर येते, पेपरात बातमी त्याच्याही नंतर येते. आम्हाला पपईवरून कळतं की कोणाच्या तरी घरी रक्तातल्या पेशी कमी झाल्या आहेत आणि कोणीतरी मिक्सरमध्ये पानं वाटतं आहे.

हे दिवसच विचित्र असतात. पाऊस गेला म्हणावा तर संध्याकाळी एक सर येऊन गच्चीवर डबकं करून जाते, आणि दुपारचं ऊन असं की वाळत घातलेली चादर हाताला चटका देते. धुराच्या गाडीचा तो रॉकेलसारखा वास पडद्यांना धरून बसतो. आंब्याच्या पेटीत ठेवावं तसं माणूस उबलेलं राहतं. जिन्यात कोणी भेटलं की बरं आहे ना, असं विचारत नाही. किती झाल्या, असं विचारतात. समोरचा आकडा सांगतो.

या दिवसांत मला माझ्या नणंदेची आठवण येते, असं लिहिलं तर ते खोटं होईल. आठवण बाराही महिने येते. या दिवसांत मला त्यांची भीती वाटते. त्यांना जाऊन वर्ष झालं तरी वाटते.

त्यांचं नाव सुमन. माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, म्हणून माझ्या त्या ताई. आंबिवलीत त्यांना लहानथोर सगळे सिस्टर म्हणत. कल्याणला रेल्वे लाइनीलगतच्या चाळीत वाढलेली ही बाई नर्सिंग शिकून आधी मस्कतला गेली, तिथून लिबियाला, आणि तिथे गोळीबार सुरू झाल्यावर एका बॅगेनिशी परत येऊन वर्षाच्या आत आयर्लंडला. चाळीतल्या बायका विचारायच्या, "सुमे, लग्नाचं काय?" ताई म्हणायच्या, "रजाच मिळत नाही गं." सासूबाई या उत्तरावर रडायच्या आणि ताई त्यांचं ब्लडप्रेशर तपासायच्या.

कायमच्या परत आल्या तेव्हा केस पांढरे झाले होते. आंबिवलीत आमच्या शेजारच्याच इमारतीत राहायला लागल्या. एवढं जग फिरून आलेली बाई काय काय घेऊन आली असेल म्हणून आम्ही बॅगा उघडायची वाट बघत होतो. बॅगांतून निघाला एक जाडजूड रेनकोट, समुद्रकिनाऱ्यावरचे तीन गोटे, आणि चिकटपट्टीची डझनभर रिळं. ती पांढरी पट्टी मग घरातल्या प्रत्येक डब्यावर चढली. पट्टीवर डबा उघडल्याची तारीख. एकदा माझ्या लोणच्याच्या बरणीवरही तारीख घातली तेव्हा मी म्हटलं, "ताई, हे लोणचं आहे, पेशंट नाही." त्या म्हणाल्या, "तू मीठ किती घालतेस ते बघता खाणारा पेशंटच होणार आहे."

त्यांचं एका शब्दाशी वैर होतं. तो शब्द म्हणजे हो.

"आपल्या माणसाचा हो म्हणजे नक्की काय, तू मराठी शिकवतेस, सांग मला," त्या म्हणायच्या. "समजलं हा एक हो. ऐकू आलं हा दुसरा. तुम्ही मोठ्या आहात हा तिसरा. आणि आता मला जाऊ द्या, हाही होच."

आयर्लंडमधल्या वृद्धाश्रमातले म्हातारे म्हणे सभ्यपणापोटी सगळ्याला हो म्हणत, आणि मस्कतमधले आपल्याकडचे मजूर भीतीपोटी. मस्कतची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, मटार सोलता सोलता. नोकरीचं पहिलंच वर्ष. वॉर्डात बिहारचे दोन मजूर, दोघंही रामप्रवेश. ताईंनी एकाच्या खाटेशी जाऊन विचारलं, "आप रामप्रवेश?" तो म्हणाला, "जी, सिस्टर." इन्शुलिन दुसऱ्याचं होतं, टोचलं याला. त्याची साखर इतकी उतरली की तो घामानं निथळून बेशुद्ध झाला. ताईंनी धावाधाव करून त्याला परत आणला. शुद्धीवर आल्यावर त्याच्या खाटेशी बसून म्हणाल्या, "मैंने गलत सुई दी थी." मग मेट्रनकडे जाऊन तेच सांगितलं. नोकरी जाऊन घरी यायचीच वेळ आली होती त्यांच्यावर.

"सांगितलं नसतं तर कोणाला कळलं असतं?" मी विचारलं होतं.

"कोणालाच नाही," त्या म्हणाल्या आणि मटाराचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

तेव्हापासून त्या कोणालाही "तुम्ही अमुक का" असं विचारत नसत. तुमचं नाव सांगा, असं म्हणत. माणसानं आपलं नाव आपल्या तोंडानं सांगितल्याशिवाय त्याच्या दंडाला हात लावायचा नाही. आंबिवलीत त्यांनी यात एक भर घातली, आईच्या नावाची. लिबियात परक्या पुरुषाला आईचं नाव विचारलं तर तो भडकतो, हे त्यांना एका ड्रायव्हरच्या शिव्या खाऊन समजलं होतं. इथे उलटं. तापानं फणफणलेला माणूससुद्धा आईचं नाव सांगताना जरा सरळ बसतो. "नाव?" "संतोष." "आईचं नाव?" "द्वारका." पन्नाशीचा बाप्या, पण द्वारका म्हणताना आवाज बदलायचा.

आडनाव त्या मुद्दाम विचारत नसत. त्याचं कारण आमच्या घरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. नौपाड्यातल्या शाळेत मी रुजू झाले तो दिवस मला आठवतो. स्टाफरूममध्ये एका बाईंनी माझं नाव विचारलं, मी रेखा म्हटलं, तर त्या हसून म्हणाल्या, "नाही, पूर्ण नाव हो." पूर्ण नाव सांगितलं आणि त्यांचं हसू तिथेच थांबलं. डबा खायला त्या नंतर कायम खिडकीकडे बसल्या. ताईंना हे सगळं ठाऊक होतं. त्या म्हणायच्या, "आडनाव विचारलं की माणूस सावध होतो. मला सावध माणूस तपासायचा नाहीये. ताप आलेला माणूस तपासायचाय."

तर तापाच्या दिवसांत दर रविवारी आमच्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये ताईंचं काम चालायचं. कल्याणचे एक डॉक्टर तासभर येऊन तपासून चिठ्ठ्या लिहून जायचे, ताई रक्त घ्यायच्या, लॅबचा माणूस नळ्या घेऊन जायचा, आणि संध्याकाळपर्यंत रिपोर्ट यायचे. दाराशी माठ आणि स्टीलचा पेला. आल्या आल्या आधी पाणी, मग नाव. हा नियमच होता. कोणाच्या गल्लीत उघडं पिंप असलं तर ताई स्वतः जाऊन ते आडवं करून यायच्या आणि त्या घरच्या बाईचं बोलणं खाऊन यायच्या.

माझ्याकडे रजिस्टर होतं. नंबर, नाव, आईचं नाव, वय, राहायचं ठिकाण. रिपोर्ट आले की ताई प्रत्येक पाकिटावर निळ्या शाईनं दोन्ही नावं लिहायच्या. मी देताना माणसाला दोन्ही विचारायची, पाकिटाशी जुळवायची, मग द्यायची. एवढंच माझं काम. आठवी पास मुलीनं केलं असतं.

मला ते आईचं नाव जरा नाटकी वाटायचं, हे इथे लिहून टाकते. तीस वर्षं मी वर्गात हजेरी घेत आले. हजेरीत नाव आपण वाचतो आणि समोरून "हजर" येतं. कोण म्हणालं हे वर बघून पाहायचीही गरज नसते. माझ्या जिभेला तेच वळण. ताई समोर असल्या की मी त्यांच्या पद्धतीनं विचारायची, आणि त्यांची पाठ वळली की हजेरी सुरू.

त्या रविवारी गर्दी फार होती. पंखे गरम हवा ढवळत होते. संध्याकाळी रिपोर्ट आले तरी ताई पडद्याआड उशिरा आलेल्यांचं रक्त घेत होत्या. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या, घरी सहामाहीचे पेपर तपासायचे पडले होते, आणि कधी एकदा हे आटपतंय असं झालं होतं. पाकिटांत दोन सविता होत्या. एकावर लिहिलं होतं सविता–लक्ष्मी, दुसऱ्यावर सविता–गिरजा. मी ते वाचलं होतं. वाचलं नव्हतं असं म्हणायलाही मला जागा नाही.

एक बाई पुढे आली. बारीक, तिशीची, डोक्यावरून पदर घेतलेला, डोळे तापानं लाल. माठातले दोन पेले पाणी पिऊन आली होती, ओठ ओले होते. मी पाकीट हातात घेतलं आणि विचारलं, "सविता ना?"

"हो, मॅडम."

मी पाकीट उघडून वाचलं. पेशी उत्तम. "घाबरू नका हां, पेशी चांगल्या आहेत. साधा ताप आहे."

ती हसली. "मग उद्या कामावर जाऊ का?"

"जायला हरकत नाही," मी म्हटलं.

तिनं पाकिटाला नमस्कार केला, घडी घालून पिशवीत ठेवलं आणि ती गेली. पुढच्या दहा मिनिटांत दुसरी सविता नवऱ्याबरोबर आली. सवितेचं एकच पाकीट उरलं होतं. उघडलं तर पेशी फारच खाली. मी ओरडले, "ताई, हिच्या पेशी खूप कमी आहेत." ताईंनी पडद्याआडूनच सांगितलं, "लगेच दवाखान्यात पाठव, रिक्षा बघ." मी रिक्षा बघून दिली. मला वाटलं, आज एकीला वाचवलं आपण. घरी येऊन नवऱ्यालाही मी तसंच सांगितलं, आणि पेपर तपासायला बसले.

सोमवारी दुपारी त्या दुसऱ्या सवितेचा नवरा ताईंच्या दारात आला. दवाखान्यात पुन्हा रक्त तपासलं होतं, बायको ठणठणीत होती. तो रागावला नव्हता, उलट पेढे घेऊन आला होता. हातात आमचं पाकीट होतं. ताईंनी पाकीट घेतलं आणि विचारलं, "तुमच्या सासूबाईंचं नाव काय?"

"लक्ष्मीबाई."

पाकिटावर गिरजा लिहिलं होतं.

मी शाळेतून नुकतीच येऊन ताईंकडेच टेकले होते. ताईंनी मला हाताला धरून जिन्यावरून खाली नेलं. रजिस्टरमध्ये राहायचं ठिकाण म्हणून फाटकापलीकडची चाळ एवढंच लिहिलेलं. तिथे चाळी सात-आठ. प्रत्येक दारात आम्ही विचारत होतो, सविता कुठे राहते. आणि प्रत्येक दारातून तोच प्रश्न उलटा येत होता, "कोणती सविता? आडनाव काय?" आडनाव आमच्याकडे नव्हतं. एका माणसानं तर म्हटलंसुद्धा, "सिस्टर, आडनावाशिवाय माणूस सापडतो काय?" ऊन डोक्यावर, गटारावरून टाकलेल्या फळ्या पायाखाली हलत होत्या, आणि ताई त्या वयात माझ्या पुढे चालत होत्या. दीड तास गेला. शेवटी नळावर एक म्हातारी भांडी घासत होती. ताईंनी तिला विचारलं, "गिरजाची सविता कुठे राहते?" तिनं राखेचा हात उचलून पुढचं तिसरं दार दाखवलं.

सविता सकाळी कामाला जाऊन आली होती. दोन घरचा स्वयंपाक करून. चटईवर पडली होती, आई उशाशी बसून ओला फडका बदलत होती. मला बघून उठायचा प्रयत्न केला तिनं. हिरड्यांतून रक्त येत होतं, ते पदरानं पुसत म्हणाली, "पेशी चांगल्या हायेत ना मॅडम? मग असं का होतंय?"

मी हो म्हटलं की नाही, मला आठवत नाही. ताईंनी तिला उचलली. रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि समोर ड्रायव्हरशेजारी अर्ध्या सीटवर गिरजाबाई मागे वळून वळून बघत होत्या. बुधवारी सकाळी सविता गेली. मायलेकी दोघीच राहत होत्या. आता एकटी आई उरली.

त्याच संध्याकाळी ताई आमच्या स्वयंपाकघरात आल्या. मी भाकरी थापत होते. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि अगदी हळू विचारलं, "रेखा, पाकीट देताना आईचं नाव विचारलं होतंस का?"

माझे हात पिठात होते. मी मान वर न करता म्हटलं, "हो."

एवढाच शब्द. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. जगात कुठल्याही माणसाचा हो खरा न मानणाऱ्या बाईला मी तो हो दिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं, यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. भाकरी करपली.

पुढच्या रविवारी विहारात बैठक झाली. गिरजाबाईंना कोणीतरी हाताला धरून आणून पुढे बसवलं होतं. लोक चिडले होते आणि त्यांचं चिडणं बरोबर होतं. फक्त ते भलतीकडे वळलं. एक जण उठून म्हणाला, "सिस्टर, हे आईचं नाव वगैरे ठीक आहे, पण आडनाव लिहिलं असतं तर दोन सवितांची गफलत झाली असती का?" दुसरा म्हणाला, "फॉरेनच्या पद्धती इथे चालत नाहीत." कोणीतरी म्हणालं, "आपल्याच लोकांना आपल्या आडनावाची लाज."

हे शेवटचं ऐकून मी उठेन असं मला वाटलं होतं. पद्धत बरोबर होती हो, पद्धत मी पाळली नाही, एवढंच म्हणायचं होतं. एक वाक्य. वर्गात मी पंचेचाळीस मिनिटं न थांबता बोलते. मी डोळ्यांसमोर शाळा आणली, मुख्याध्यापिका आणली, माझ्या मुलाचं जमत आलेलं लग्न आणलं, आणि सतरंजीचा दोरा ओढत बसून राहिले.

ताई उठल्या. म्हणाल्या, "पद्धत माझी होती. टेबल माझं होतं. चूक माझी." आणि गिरजाबाईंपुढे जाऊन हात जोडून उभ्या राहिल्या. गिरजाबाईंनी तोंड फिरवलं.

विहारातलं ते काम बंद झालं. माठ कोणीतरी उचलून आत ठेवला. ताई पुढे चार वर्षं जगल्या. कोणी बोलावलं तर जायच्या, जखम बांधायच्या, सुई द्यायच्या, पण बोलावणाऱ्यांची संख्या फार राहिली नाही. मस्कत, लिबिया, आयर्लंड पालथं घातलेल्या बाईची हद्द आता त्यांच्या इमारतीपासून आमच्या इमारतीपर्यंत येऊन ठेपली. भाद्रपद संपत आला की मात्र एका सकाळी त्या पांढरी साडी नेसून एकट्याच कुठेतरी जायच्या आणि उन्हं चढल्यावर परत यायच्या. मी विचारलं नाही. खरं तर त्या घरात मी काहीच विचारत नसे आणि त्याही मला काही विचारत नसत. डब्यांवरच्या पट्ट्या तेवढ्या चालू होत्या. मी कधी कधी त्यांच्याकडे आमटी घेऊन जायची, तर त्या वाटीवरही तारीख टाकायच्या, आणि मला वाटायचं, आता बोलतील. मी त्यांच्यावर चिडायचेसुद्धा. एकदा बोलून का टाकत नाहीत, शिव्या का देत नाहीत, असं वाटायचं. स्वतः बोलायचं माझ्या मनात येतच नव्हतं असं नाही. उद्यावर जायचं.

गेल्या वर्षी याच दिवसांत त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात एक नवी पोरगी, गळ्यात कार्ड, हातात सलाईनची बाटली, खाटेशी येऊन म्हणाली, "सुमनताई ना तुम्ही?"

ताईंना धाप लागली होती. तरी त्यांनी हात आडवा केला. "असं नाही विचारायचं बाळा. मी हो म्हणेन ना. नाव सांगा, म्हण."

पोरगी गोंधळली. "बरं, नाव सांगा."

"सुमन. आईचं नाव सखू."

पोरगी हसून सलाईन लावून गेली. ताईंनी डोळे मिटले. मी पायांशी बसले होते. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "रेखा, कपाटात खालच्या खणात रजिस्टर आहे. तुझ्याकडे ठेव."

"ताई," मी म्हटलं. "त्या दिवशी..."

"दमले गं," त्या म्हणाल्या. मी थांबले. दमलेल्या माणसाला कशाला त्रास, असं मी स्वतःला सांगितलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्या परत बोलल्या नाहीत. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट कुठली, तर ते सुटल्यासारखं वाटणं.

शोकसभेला विहार भरला होता. त्रिसरण झालं, मग लोक बोलले. सगळ्यांनी चांगलंच सांगितलं, आणि जवळजवळ प्रत्येकानं शेवटी थोडा आवाज उतरवून जोडलं, की माणूस म्हटलं की एखादी चूक होतेच. मलाही बोलायला सांगितलं. मी त्यांच्या डब्यांवरच्या पट्ट्यांबद्दल बोलले. लोक हसले, काही रडले, छान बोललात म्हणाले.

रजिस्टर वर्षभर माझ्या कपाटात साड्यांखाली होतं. परवा पपई बोडकी झालेली पाहिली आणि वर येऊन ते काढलं. पानापानावर माझंच अक्षर. किती आया होत्या त्यात. द्वारका, पार्वती, यशोदा, हिरा, सखू, आयेशा, लक्ष्मी, गिरजा. गिरजाच्या ओळीपुढे ताईंनी आपल्या अक्षरात दार सापडायच्या खुणा लिहून ठेवल्या होत्या. नळापासून तिसरं, निळं दार. रजिस्टर माझ्याकडे कशाला दिलं होतं, ते मला तेव्हा कळायला हवं होतं. बहुधा कळलंही होतं.

काल सकाळी गेले. चाळीपुढे आता पेव्हर ब्लॉक बसवलेत, नळ मात्र तिथेच आहे. निळं दार उघडं होतं. गिरजाबाई आत कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. स्टेशनबाहेर विकतात. पार वाकल्यात. उंबऱ्यात माझी सावली पडली तशी डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"कोन? सिस्टरची भावजय न्हवं का तू?"

तोंडात हो आलंच होतं. ते गिळलं.

"माझं नाव रेखा," मी म्हटलं. "आईचं नाव कौसल्या. गिरजाबाई, सवितेला तो चुकीचा कागद सिस्टरनी दिला नाही. मी दिला. सिस्टरनी पाकिटावर तुमचं नाव लिहिलं होतं. मी सवितेला ते विचारलं नाही. आणि सिस्टरनी मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

त्यांच्या हातातला दोरा थांबला. मला वाटलं, ओरडतील, मारतील, शेजारीपाजारी गोळा होतील. त्यातलं काही झालं नाही. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

"इचारलं असतंस तर?" त्यांनी विचारलं.

"तर तिनं तुमचं नाव सांगितलं असतं."

"सांगितलं असतंच," त्या म्हणाल्या. मग दाराकडे बोट केलं. "सिस्टर दर वर्साला याची. सवितेच्या दिसाला. हितंच बसायची, उंबऱ्याभाईर. काई बोलायची न्हाई. तास दीड तास बसायची आन् उठून जायची. उनाची चालत याची, घामानं भिजल्याली असायची." त्यांनी दोरा बोटाला गुंडाळला. "मी तिला एकदाबी पानी दिलं न्हाई."

पांढरी साडी, चढलेली उन्हं, मी न विचारलेला प्रश्न. येणाऱ्याला आधी पाणी देणारी बाई चार वर्षं इथे कोरडी बसून गेली होती, माझ्या जागेवर.

गिरजाबाई भिंतीला धरून उठल्या. कोपऱ्यातल्या माठावरचं झाकण काढलं, पेला बुडवला. भरलेला पेला घेऊन दाराशी आल्या आणि उंबऱ्याबाहेरच्या मोकळ्या फरशीकडे बघत उभ्या राहिल्या.

"सिस्टरच्या आईचं नाव काय व्हतं?"

"सखू," मी म्हटलं.

"सखूची सुमन," त्या म्हणाल्या, आणि वाकून पेला उंबऱ्याबाहेर ठेवला. मग परत जाऊन जुड्या बांधायला बसल्या. मला त्यांनी पाणी विचारलं नाही. मी तासभर तिथे बसले होते.